जॉली बॉय: स्टीलचे डबे, काचेच्या तळाची होडी आणि जिवंत प्रवाळ

अंदमानला जाणाऱ्या आपल्या लोकांचा कार्यक्रम साधारण ठरलेला असतो, सेल्युलर जेल, रॉस, नॉर्थ बे, मग हॅवलॉक आणि नील, झालं. जॉली बॉय हे बेट बऱ्याच टूरवाल्यांच्या यादीत नसतंच, किंवा असलं तरी "जमलं तर" असं खाली कुठेतरी लिहिलेलं असतं. आम्ही फेब्रुवारीत जाऊन आलो आणि सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात मोठा दिवस माझ्यासाठी तोच ठरला, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितेय. बरोबर आई (वय ६८, गुडघे दुखतात), नवरा आणि नऊ वर्षांची लेक.

पहिला दिवस – पोर्ट ब्लेअर

चेन्नईमार्गे सकाळीच पोचलो. शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाले, हॉटेलवाले सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात. दुपारी सेल्युलर जेल. आईला इथे यायचं होतं ते माझ्या लहानपणापासून ऐकतेय मी. मूळच्या सात इमारतींपैकी तीनच उरल्यात, एकूण ६९३ कोठड्या होत्या, १८९६ ला बांधकाम सुरू झालं आणि १९०६ ला संपलं, हे सगळं तिथला गाईड सांगतोच. आई मात्र थेट जिन्याकडे निघाली. तात्याराव सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे, गुडघे धरत धरत वर गेली, चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन बसली. १९११ ते १९२१, दहा वर्षं. कोलूची, म्हणजे तेलाच्या घाण्याची, प्रतिकृती खाली अंगणाच्या बाजूला आहे, लेकीने विचारलं याला बैल जुंपायचे का, तिला सांगितलं की नाही गं, माणसं जुंपायचे. बराच वेळ गप्प होती मग.

जेलबद्दल इतकंच लिहिते, त्यावर मराठीत भरपूर आहे.

एक गोष्ट आधी कुणी सांगितली तर बरं होतं, इथे दिवस फार लवकर संपतो. घड्याळ आपलंच पण ही बेटं इतकी पूर्वेला आहेत की पहाटे साडेपाचला लख्ख उजेड आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास सूर्य गायब. त्यामुळे कार्यक्रम आखताना सकाळी लवकर निघायची तयारी ठेवा, "जेवून आरामात दुपारी जाऊ" हे इथे चालत नाही. जेलमधला लाइट अँड साउंड शो बघायचा असेल तर तिकीट आधी काढा, गर्दी असते.

रात्री एका बंगाली खानावळीत जेवलो. मोहरी घातलेलं माशाचं कालवण आणि भात, नवऱ्याने तीनदा भात घेतला. खानावळीच्या मालकीणबाई म्हणाल्या उद्या कुठे, म्हटलं जॉली बॉय, तर लगेच म्हणाल्या, "प्लास्टिक मत ले जाना, एक थैली भी नहीं।" हे आम्हाला परमिट काढतानाही कळलं होतं पण बाईंनी ज्या आवाजात सांगितलं त्यावरून लक्षात आलं की प्रकरण खरोखरचं आहे. आईने खोलीवर जाऊन घरून आणलेलं सगळं बाहेर काढलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडीच्या वड्या. दशम्या सुती फडक्यात बांधल्या, चटणी आणि वड्या स्टीलच्या डब्यांत, आणि पाणी घरच्या स्टीलच्या बाटल्यांत. ती रात्रीच सगळी पिशवी तयार करून झोपली.

दुसरा दिवस – वांडूर आणि जॉली बॉय

पहाटे साडेसहाला गाडी. वांडूरची जेट्टी शहरापासून तासाभरावर आहे, बोटी नऊच्या सुमारास सुटतात पण त्याआधी तपासणी, नोंदणी वगैरे असतं म्हणून आठपर्यंत पोचायला सांगतात. रस्ता फार सुंदर आहे, नारळ-सुपारीच्या बागा, भाताची खाचरं, मधूनच खाडी. सिप्पीघाट नावाच्या भागात रस्त्याच्या कडेला मोठंच्या मोठं पाणी साचलेलं दिसलं, मला वाटलं तलाव आहे. ड्रायव्हरदादा म्हणाले, ही शेतं होती. २००४ च्या त्सुनामीच्या भूकंपात इथली जमीनच खाली गेली, साधारण मीटरभर, आणि समुद्राचं पाणी आत आलं ते आलंच. वीस वर्षं झाली, तिथे पुन्हा भात नाही लागला.

त्यांनीच वांडूरची आणखी एक गोष्ट सांगितली. १९२१ च्या मोपला बंडानंतर मलबारातून जे कैदी इथे आणले, त्यांनी वसवलेल्या गावांना आपापल्या गावांचीच नावं दिली, वांडूर, मंजेरी, तिरूर, कालिकत. केरळात ही सगळी गावं आहेत. तात्यारावांना १९२१ ला इथून हलवलं आणि त्याच सुमारास ही माणसं इथे आली, असं आई मागच्या सीटवरून म्हणाली. तारखा तिच्या सगळ्या पाठ आहेत.

जेट्टीवर तपासणी. वनखात्याची माणसं प्रत्येक पिशवी उघडून बघतात, वरवर नाही, खरंच आतपर्यंत हात घालून. वेफर्सची पाकिटं, बिस्किटाचे पुडे, शाम्पूचे सॅशे, ओल्या कपड्यांसाठी आणलेल्या कॅरीबॅग, सगळं बाजूला. ज्यांच्याकडे पाण्याची प्लास्टिकची बाटली होती त्यांची बाटली मोजून नोंदवली आणि डिपॉझिट घेतलं, परत येताना बाटली दाखवली की पैसे परत. आमच्या पुढे एक मोठा ग्रुप होता त्यांचं जवळजवळ सगळं खाणं पाकिटांत होतं, वाद घालायला लागले, लहान मुलं आहेत, काय खाणार. तिथल्या बाईंनी शांतपणे त्यांना कागद आणि कापडी पिशवी दिली, म्हणाल्या पाकिटं फोडा आणि यात ओता, खाणं न्या, पाकीट इथे ठेवा. आवाज चढवला नाही की कुणाला सूट दिली नाही. आमची पिशवी उघडली, स्टीलचे डबे आणि फडकं बघून त्या आईकडे बघून हसल्या आणि "बहुत अच्छा" म्हणाल्या. आई दिवसभर खूश.

मला हे फार आवडलं, अगदी मनापासून. नियम आपल्याकडेही असतात, पाटीवर लिहिलेले असतात. इथे तो नियम रोज सकाळी माणसं उभी राहून पाळून घेतात आणि त्याचा परिणाम तासाभराने आपल्याला डोळ्यांनी दिसतो.

*(काही कामाच्या गोष्टी इथेच सांगते. परमिट आणि बोटीचं तिकीट आधी काढून ठेवा, दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे. ओळखपत्र जवळ हवंच. सोमवारी बंद असतं. पावसाळ्यात जॉली बॉय बंद ठेवतात आणि जवळचं रेड स्किन बेट उघडतात, दोन्हीकडच्या प्रवाळांना आलटून पालटून आराम मिळावा म्हणून. वॉशरूम वगैरे वांडूरलाच उरकून घ्या. बेटावर दुकान नाही, टपरी नाही, चहासुद्धा नाही.)*

बोट निघाली ती आधी खाडीतून. दोन्ही बाजूंना कांदळवन, मुळं पाण्यात उतरलेली, इतकं दाट की आत काही दिसत नाही. आमच्या बोटीवरच्या गाईडने पहिली सूचना दिली ती हात पाण्यात घालू नका, इथे मगरी आहेत. खाऱ्या पाण्यातल्या मगरी, मोठ्या. आम्हाला एकही दिसली नाही पण लेक सगळा वेळ काठ न्याहाळत होती. एका वाळक्या झाडावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड मात्र अगदी नीट दिसला, बोट खालून गेली तरी हलला नाही.

हा सगळा भाग म्हणजे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान, १९८३ साली घोषित झालं, पंधराएक बेटं आणि मधला समुद्र मिळून २८१.५ चौरस किलोमीटर. बेटांची नावं इंग्रजी अमलातली, टारमुगली, ग्रब, स्नॉब, बोट, प्लूटो. बोटीचे सारंग वांडूरचेच, घरी मल्याळम बोलतात, आमच्याशी हिंदी, मदतनीस पोराशी बंगाली. मी विचारलं किती भाषा येतात, तर म्हणाले इथे जन्मलेल्या कुणालाही चार येतातच, शाळेत शेजारी कोण बसतं त्यावर अवलंबून. त्या मदतनीस पोराचे पणजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आले, सरकारने जंगल तोडून शेतीला जमीन दिली होती म्हणे. तो स्वतः मात्र पाण्यातलाच, शेती येत नाही म्हणाला.

खाडी संपली आणि पाण्याचा रंग बदलला. आधी हिरवट गढूळ होतं ते एकदम निळं, मग आणखी पुढे गेल्यावर फिकट हिरवं आणि खाली वाळू दिसायला लागली. जॉली बॉयला जेट्टी नाहीये, बांधायची म्हटली तर प्रवाळ तोडावे लागतील. त्यामुळे मोठी बोट खोल पाण्यात थांबते आणि तिथून काचेच्या तळाच्या छोट्या होड्यांमधून नेतात. आईचं कसं होणार ही मला धास्ती होती. दोन पोरांनी तिला दोन्ही दंडांना धरून "अम्मा, पहले बैठो, फिर पैर" असं करत इतकं अलगद उतरवलं की तिला कळलंच नाही. उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो, तेव्हा साडी नको, सलवार किंवा थोडी आखूड पँट बरी, आणि पायात पट्ट्याच्या चपला.

आता काचेची होडी. मधोमध लांबट काच, दोन्ही बाजूंना बाकं, सगळे खाली वाकून. पहिली दोन मिनिटं नुसती वाळू आणि मग अचानक प्रवाळ सुरू होतात. गाईड नावं सांगत होता, फिंगर कोरल, स्टॅगहॉर्न, मशरूम, ब्रेन. ब्रेन कोरल बघून आई म्हणाली हा तर फ्लॉवरचा गड्डा. एवढा मोठा की काचेत मावेना. त्यावरून पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे, निळे मासे, एक गडद निळा तारामासा पसरलेला. आईला पोहता येत नाही, पाण्याची भीती आहे, तरीही तिने हे सगळं बसल्या जागी बघितलं, आणि म्हणूनच ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांना मी हे बेट आवर्जून सांगतेय. तिकिटातली होडीची फेरी छोटी असते, थोडे पैसे जास्त देऊन मोठी फेरी मिळते, ती घ्याच.

मग आम्ही तिघं स्नॉर्कलिंगला. मास्क, नळी, कमरेला ट्यूब आणि बरोबर एक गाईड, तो हाताला धरून नेतो. पोहता येत नसलं तरी चालतं. नळीतून श्वास घ्यायची सवय व्हायला पाच मिनिटं लागतात, घाई करू नका, काठाजवळ उभं राहून नीट जमवून घ्या. पाण्यात शिरायच्या आधी त्याने तिघांना समोर उभं केलं आणि सांगितलं, "मॅडम, कहीं भी पाँव नहीं रखना। पत्थर दिखता है, पर ज़िंदा है।"

खाली काय बघितलं ते किती लिहू. एक गोष्ट सांगते. दोन ब्रेन कोरलच्या मध्ये एक मोठा शिंपला रुतलेला होता, जायंट क्लॅम, हातभर तरी असेल, तोंड उघडं. आणि त्या उघड्या तोंडाच्या कडेला नागमोडी मांसल ओठ, जांभळा, त्यावर मोरपंखी निळे ठिपके. गाईडने लेकीचा हात धरून तिला बाजूला घेतलं आणि स्वतःचा तळवा शिंपल्यापासून बऱ्याच वर, नुसता सावली पडेल इतक्या अंतरावर नेला. शिंपला चटकन मिटला. स्पर्श नाही, काही नाही, नुसती सावली. थोड्या वेळाने पुन्हा हळूहळू उघडला, आधी एक फट, मग ती जांभळी कड बाहेर आली. लेक पाण्याखाली नळीतून ओरडत होती.

दुसरं म्हणजे आवाज. पाण्याखाली शांतता असेल असं वाटतं, पण सतत कुरुमकुरुम येत होतं. बाहेर आल्यावर विचारलं तर पोपटमासे. त्यांना चोचीसारखे दात असतात, प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातात आणि त्याबरोबर जो चुरा पोटात जातो तो मागून बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. अशा किनाऱ्यांवरच्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा असतो. लेकीने लगेच मूठभर वाळू उचलून बघितली, आणि गाईडने बघितलं की ती परत तिथेच टाकतेय ना.

सगळंच काही रंगीत नाहीये, हेही लिहायला हवं. मध्ये मोठे मोठे पट्टे राखाडी, मेलेल्या फांद्यांचे. प्रवाळ म्हणजे बारीक बारीक जीवांची वसाहत, त्यांच्या अंगात एक प्रकारचं शेवाळ राहतं, तेच त्यांना अन्न देतं आणि रंगही. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त तापलं की ते शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरे पडतात आणि पाणी लवकर थंड झालं नाही तर उपाशी मरतात. २०१० साली अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ ला पुन्हा. आमचा गाईड २०१० ला नुकताच कामाला लागला होता. म्हणाला, एप्रिलमध्ये सगळं पांढरं दिसायला लागलं, टुरिस्ट म्हणायचे किती सुंदर, आणि आम्हाला रडू यायचं. मग त्याने आम्हाला मुद्दाम एका मेलेल्या ढिगाऱ्यावर नेलं, त्यावर बोटभर नवीन फांद्या फुटल्या होत्या, टोकं फिकट निळी. वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात म्हणाला, काही जाती तर त्याहून कमी.

आणि हे ऐकून पाण्याबाहेर येतोय तोवर दुसऱ्या ग्रुपमधला एक माणूस बरोबर अशाच एका प्रवाळावर उभा राहून फोटो काढून घेत होता. शिट्टी वाजली. गाईड पाण्यातून धावत गेला, त्याला हाताला धरून वाळूवर आणलं. तो माणूस चिडला, एवढं काय झालं, पैसे भरलेत. वनरक्षक आले, नाव लिहून घेतलं आणि त्याला परत पाण्यात जाऊ दिलं नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. वाघाच्या पाठीवर उभं राहून कुणी फोटो काढेल का? मी त्या वनरक्षकांना जाऊन धन्यवाद म्हटलं. ते म्हणाले आठवड्याला एक तरी असा निघतो.

जेवण झाडाखाली. सी महुआची मोठी झाडं वाळूपर्यंत आलेली आहेत, सावली दाट. दशमी, चटणी आणि खारा वारा, आणखी काय पाहिजे. शेजारी कोलकात्याचं एक कुटुंब होतं, त्यांच्या आजींकडेही स्टीलचा डबा, त्यात नारळाचे लाडू. दोन्ही आज्यांनी एकमेकींची भाषा येत नसताना डब्यांची देवाणघेवाण केली, मग गुडघ्यांवरच्या तेलाबद्दल हातवारे करून बराच वेळ चर्चा. वाळूत शंखातले खेकडे फिरत होते, लेकीला त्यांना दशमीचा तुकडा द्यायचा होता, नाही म्हटलं. एक खेकडा शंखाऐवजी कशाच्या तरी झाकणात राहताना मी दुसरीकडच्या फोटोंत बघितलाय, इथे सगळे शंखांतच होते.

दुपारी परत निघताना आभाळ भरून आलं आणि एक जोरदार सर येऊन गेली. मोठ्या बोटीवर चढताना होडी बरीच हलत होती, त्या पोरांनी आईला पुन्हा तसंच नेलं. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आधी घ्यावी, येताना समुद्र जास्त हलतो. वांडूरला बाटल्यांची मोजणी, डिपॉझिट परत, आणि एक एक नारळ. शेजारचा वांडूर बीचही बघा, २००४ नंतर मेलेल्या झाडांचे प्रचंड ओंडके वाळूत पडलेत, पण पाण्यात मात्र जाळी लावलेल्या भागाबाहेर पाऊल टाकू नका, मगरींमुळे.

तिसरा दिवस – रॉस आणि नॉर्थ बे

हे दोन्ही शहरासमोरच, एकाच बोटीने होतात. रॉस, म्हणजे आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, १८५८ पासून १९४१ पर्यंत इंग्रजांचं मुख्य ठाणं होतं. चर्च, बेकरी, साहेबाचा बंगला, सगळ्यांच्या भिंतींवर वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांची मुळं चढलीत. हरणं आणि मोर माणसांमधून फिरतात. आईला बॅटरीवरच्या गाडीतून सगळं बघता आलं.

नॉर्थ बे म्हणजे जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेमागचं दीपगृहाचं चित्र. चित्र सुंदर आहे आणि जागाही सुंदर आहे. पण आदल्या दिवशी जॉली बॉय बघून आल्यामुळे मला तिथे फार वाईट वाटलं. पाण्यावरच्या स्कूटरच्या आवाजात पाण्याचा आवाज ऐकू येत नाही, एकावर एक माणसं, किनाऱ्यावर झाकणं आणि पाकिटं. काचेच्या होडीतून प्रवाळ तिथेही दिसतात, काही भाग चांगलेही आहेत. फक्त कुणी पिशवी उघडून बघत नाही.

माझ्या डोक्यात मात्र सारखं मालवण येत होतं. सिंधुदुर्गाच्या भोवती आपल्याकडेही प्रवाळ आहेत, सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झालंय, तारकर्लीला स्नॉर्कलिंगला दरवर्षी हजारो लोक जातात. आम्हीही गेलोय. तिथली पोरं पाण्यात या पोरांइतकीच हुशार आहेत. होडीत बसायच्या आधी एक माणूस, एक टेबल आणि पिशव्यांची तपासणी, एवढं तिथे सुरू व्हावं असं मला फार वाटतं. मे महिन्यात जाणार आहोत, तेव्हा तिथल्या होडीवाल्यांशी बोलणार आहे.

शेवटचं एक, परतीच्या विमानतळावर सामानाची कसून तपासणी होते. आमच्या पुढच्या बाईंच्या बॅगेतून प्रवाळाचा तुकडा निघाला, किनाऱ्यावर पडलेला उचलला होता म्हणाल्या, तरी काढून घेतला आणि बराच वेळ थांबवून ठेवलं. पडलेला, मेलेला, काहीही असो, उचलू नका. शंखाच्या वस्तू हव्याच असतील तर सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि पावती हातात ठेवा. आणि टूरवाल्याने जॉली बॉय यादीत घातलं नसेल तर नॉर्थ बेच्या जागी ते घालायला सांगा, बहुतेक जण ऐकतात, फक्त तो दिवस सोमवार नाही ना एवढं बघा.